‘इन्सुलिनसारखा’ या शब्दाने घातलेला घोळ

ग्रोथ हॉर्मोन, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून स्रवणारे वाढीचे हॉर्मोन, रक्तातली साखर कमी करते, असा एक समज आहे; घडते मात्र उलटे. इन्सुलिन बनवणारे स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्याची पीयूषिका ग्रंथीही काढली तर त्याचा मधुमेह सौम्य होतो, हे १९३०च्या आसपास दिसले. १९३७मध्ये उलट बाजूही पुढे आली: पीयूषिकेच्या अर्काची इंजेक्शने टोचली की धडधाकट कुत्र्यांना कायमचा मधुमेह जडे. अर्कातला दोषी ग्रोथ हॉर्मोनच, हे ठरायला मात्र ते शुद्ध स्वरूपात हाती यावे लागले. मानवी हॉर्मोन १९५६मध्ये वेगळे झाले.

गुंता वाढला तो काचपात्रात. पीयूषिका काढलेल्या उंदराच्या मध्यपटलाचा, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या श्वसनाच्या स्नायूचा, तुकडा द्रावणात ठेवून त्यावर हे हॉर्मोन सोडले, तर स्नायू साखर जास्त ओढतो. पण एक-दोन तासांत हा जोर ओसरतो आणि पुन्हा हॉर्मोन दिले तरी स्नायू दाद देत नाही. याला ‘इन्सुलिनसारखा परिणाम’ म्हटले गेले, आणि तिथेच फसगत झाली. हा खेळ हॉर्मोनपासून बराच काळ वंचित राहिलेल्या ऊतीचा. निरोगी शरीरात हॉर्मोनच्या लाटा दिवसरात्र येतच असतात. त्यात भर म्हणून, ग्रोथ हॉर्मोनच्या सांगण्यावरून मुख्यतः यकृतात तयार होणाऱ्या घटकाला १९५७पासून आधी सल्फेशन फॅक्टर, मग सोमॅटोमेडिन आणि १९७०च्या दशकाअखेरीस ‘इन्सुलिनसारखा वाढ-घटक’ असे नाव पडले. दोन वेगळ्या गोष्टी, विशेषण एकच. ग्रोथ हॉर्मोन साखर कमी करते, असे आजही कुणी ठासून सांगतो, त्याचे मूळ बहुधा इथेच.

माणसात काय घडते, हे १९६०च्या दशकात दंडाच्या धमनीत हॉर्मोन सोडून पाहिले गेले. धमनीतली आणि शिरेतली साखर मोजली, तेव्हा हाताच्या स्नायूंनी कमी साखर उचलल्याचे आढळले. त्याच सुमारास, १९६३मध्ये, मेदाम्ले (चरबी वितळून सुटणारी आम्ले) आणि ग्लुकोज यांच्यातल्या चढाओढीची कल्पना मांडली गेली: हॉर्मोन चरबी वितळवते आणि स्नायू तेच इंधन वापरून साखर नाकारतो. मला हेच स्पष्टीकरण सर्वांत भक्कम वाटते, कारण असिपिमॉक्स हे चरबी वितळू न देणारे औषध देऊन मेदाम्ले रोखली की बिघडलेली इन्सुलिन-संवेदनशीलता बरीचशी परतते. मूळ कल्पनेचा तपशील मात्र टिकला नाही. त्यानुसार स्नायूच्या पेशीत ग्लुकोज-६-फॉस्फेट, म्हणजे आत शिरलेल्या ग्लुकोजचे पहिले रूप, साचायला हवे होते. १९९०च्या दशकात मेदाम्ले वाढवून चुंबकीय अनुनादाने मोजले, तर ते घटलेले निघाले. म्हणजे अडथळा पेशीत साखर शिरतानाच पडत होता.

उंदरांमध्ये इन्सुलिनच्या संदेशसाखळीतच खोडा सापडला. माणसाच्या स्नायूच्या बायॉप्सीत मात्र साखळीचे सुरुवातीचे दुवे अनेकदा शाबूत दिसले, त्यामुळे हा वाद मिटलेला नाही.

१९८५मध्ये मृतांच्या ग्रंथींतून काढलेले हॉर्मोन मेंदूच्या जीवघेण्या आजारामुळे बंद झाले आणि जनुकीय तंत्राने बनवलेले आले. पुरवठ्याचा तुटवडा संपला, प्रौढांनाही ते देता येऊ लागले आणि रक्तातील साखरेवर लक्ष ठेवणे उपचाराचाच भाग झाले. २०००च्या दशकात अ‍ॅक्रोमेगालीसाठी, म्हणजे हे हॉर्मोन अति झाल्याने होणाऱ्या आजारासाठी, त्याचा ग्राहीच (पेशीवरची हॉर्मोन चिकटण्याची जागा) अडवणारे औषध आले. ते घेणाऱ्यांची उपाशीपोटीची साखर उतरते.