मोयनाकच्या वाळूतली जहाजे: पार्श्वभूमी

उझबेकिस्तानातल्या काराकल्पाकस्तानात, एकेकाळी अराल समुद्राच्या काठी असलेल्या मोयनाक गावाबाहेर वाळूवर गंजत पडलेल्या मासेमारी जहाजांची छायाचित्रे बहुतेकांनी पाहिलेली असतात. अराल समुद्र का आटला, हेही माहीत असते: अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचे पाणी कापसाकडे वळवले गेले. वाळवंटातून खोदलेल्या कालव्यांना बहुतेक ठिकाणी अस्तर नव्हते, त्यामुळे बरेच पाणी शेतापर्यंत पोचण्याआधीच जिरले. समुद्र आकसणार, हे सोव्हिएत नियोजनकारांना ठाऊक होते आणि त्यांनी ते मान्यही केले होते. हा अपघात नव्हता.

१९६० मध्ये सुमारे ६८,००० चौरस किलोमीटर असलेला समुद्र मागे सरकू लागला, तशी बोटींसाठी किनाऱ्यापासून चर खणले गेले. पाणी आणखी दूर गेले की चर आणखी लांबवायचा. पुढे खारेपणा इतका वाढला की मासेच उरले नाहीत आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मासेमारी थांबली. मोयनाकचा मासे डबाबंद करणारा कारखाना काही काळ दूरच्या समुद्रांतून आणलेल्या गोठवलेल्या माशांवर चालवला गेला. जहाजे होती तिथेच राहिली. बरीचशी नंतर भंगारात कापली गेली. आज दिसतात ती उरलेली मोजकी, तीही स्मारकापाशी ओळीने आणून ठेवलेली.

पण या जहाजांना पुन्हा पाणी लागणार नाही, यामागे आणखी एक निर्णय आहे आणि त्याची चर्चा फार कमी होते. १९८७ च्या सुमारास समुद्राचे दोन तुकडे झाले. उत्तरेचा लहान अराल कझाकस्तानात, त्याला सिर दर्याचे पाणी. दक्षिणेच्या मोठ्या अरालची भिस्त अमू दर्यावर. उत्तरेचे पाणी मधल्या सामुद्रधुनीतून दक्षिणेकडे वाहून जाई आणि तिथे उन्हात उडून जाई. ते अडवायला १९९० च्या दशकात घातलेला मातीचा बांध १९९९ च्या वादळात फुटला. २००५ मध्ये सुमारे १३ किलोमीटर लांबीचा पक्का कोकअराल बांध उभा राहिला. उत्तरेच्या अरालची पातळी वर्षभराच्या आत समुद्रसपाटीपासून ४२ मीटरवर गेली, खारेपणा उतरला. जिथे खाऱ्या पाण्यात तगणाऱ्या चपट्या माशांवरच भागवावे लागत होते, तिथे गोड्या पाण्यातले मासे परतले.

या बांधाने दक्षिण समुद्राचा बळी दिला, असा आरोप होतो. दक्षिणेला जाणारे पाणी घटले, हे खरे आहे. २०१४ मध्ये दक्षिणेचे पूर्वेकडचे पात्र पूर्ण कोरडे दिसले, हेही खरे. तरीही हा आरोप चुकीच्या दारात टाकला जातो. एवढ्या उथळ, पसरट पात्रात सिर दर्याचे उरलेसुरले पाणी टिकणारच नव्हते. दक्षिणेचा प्रश्न अमू दर्याचा आहे आणि त्या नदीचे पाणी वाटेतल्या देशांतली शेती पिते. बांधाची उंची आणखी वाढवावी का, यावर पुढे बराच खल झाला. तेवढ्या तपशिलाने अमू दर्याच्या वाटपाबद्दल कोणी बोलत नाही.

दरम्यान उझबेकिस्तानच्या बाजूला समुद्राच्या उघड्या पडलेल्या तळातून नैसर्गिक वायू काढला जातो आहे. मीठ आणि शेतातली रसायने मिसळलेली धूळ उडू नये म्हणून तळावर वाळवंटात तगणाऱ्या सॅक्सॉलची झुडपे लावली जात आहेत. मोयनाकपासून पाणी आता शंभरहून अधिक किलोमीटर दूर आहे. ते परत येईल असे धरून आखलेली कोणतीही मोठी योजना सध्या चालू नाही.