सुरवंटाच्या पोटदुखीवरून भांडण झालंच नव्हतं

‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’ या खादाड सुरवंटाच्या मुलांसाठीच्या चित्रपुस्तकाचे लेखक-चित्रकार एरिक कार्ल मे २०२१ मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या नावावरचं एक विधान जगभर फिरलं आणि अजूनही फिरतंय: ‘खादाड सुरवंटाचं पोट दुखायला नको होतं, त्यावरून मी प्रकाशकांशी कडाडून भांडलो.’ कार्ल असं कधी बोललेच नाहीत. ‘द पॅरिस रिव्ह्यू’ या साहित्यिक नियतकालिकानं २०१५ मध्ये एप्रिल फूलसाठी रचलेल्या खोट्या मुलाखतीतलं ते वाक्य आहे.

खरी हकिकत मला याहून कितीतरी गोड वाटते. पंचिंग मशीननं कागदांच्या गठ्ठ्याला भोकं पाडताना कार्लना पुस्तक कुरतडणारी अळी सुचली. संपादक ॲन बेनेड्यूस यांना अळी फारशी रुचली नाही. त्यांनी सुरवंट सुचवला. ‘फुलपाखरू!’ कार्ल लगेच म्हणाले. म्हणजे इथे तंटा नव्हताच, उलट संपादकामुळेच गोष्टीला पंख फुटले. १९६९ च्या त्या पुस्तकात शनिवारी केक, आइस्क्रीम, सलामी असं सगळं हादडून सुरवंटाचं पोट दुखतं. रविवारी एक हिरवं पान खाल्लं की त्याला बरं वाटतं. पुस्तकाच्या पानांमधली भोकं तर खरीच, मुलाचं बोट आरपार जाईल अशी.