आंगवण आणि तेर्स : गोव्यातील ख्रिस्ती समाजाची संकटकाळातील श्रद्धा

आजारपण, अपत्यहीनता, साथीचे रोग, युद्ध, बोटीवरची नोकरी आणि मृत्यू अशा प्रसंगी देवावरचा भरवसा टिकावा म्हणून गोव्यातील कॅथलिक समाजात रूढ झालेल्या प्रार्थना, नवस आणि सामुदायिक आचार. नवसाला कोकणीत ‘आंगवण’ आणि घरातल्या संध्याकाळच्या जपमाळेच्या प्रार्थनेला ‘तेर्स’ म्हणतात. इथली श्रद्धा एकट्याच्या मनोधैर्यापेक्षा ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, चारचौघांबरोबर करण्याच्या आचारांवर जास्त उभी आहे. मन खचलेल्या माणसाला प्रार्थनेचे शब्द स्वतः शोधावे लागत नाहीत. ते आधीच पाठ असतात आणि शेजारी बसलेले म्हणत असतात.

संकट आले म्हणजे देवाने पाठ फिरवली, असे ख्रिस्ती शिकवण मानत नाही. जुन्या करारातला ईयोब मुलेबाळे, गुरेढोरे आणि आरोग्य गमावतो, देवाशी वाद घालतो, पण त्याला सोडत नाही. गेथशेमाने बागेत येशू दुःखाचा प्याला टळावा अशी याचना करतो आणि त्याच प्रार्थनेत पित्याच्या इच्छेवर सगळे सोपवतो. गोव्यातला नवस मागण्यापाशीच थांबतो, सोपवण्यापर्यंत पोहोचत नाही, अशी टीका होते. ती निम्मीच खरी आहे. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेत नवस म्हणजे देवाला विचारपूर्वक आणि स्वखुशीने दिलेले वचन. गंभीर आणि अन्याय्य भीती घालून करवून घेतलेला नवस मुळातच रद्द असतो. ज्या अटीवर तो बोलला ती पुरी झाली नाही तर तो संपतो, आणि योग्य कारण असेल तर विगार, म्हणजे धर्मग्रामाचा मुख्य पाद्री, त्यातून मोकळीक देऊ शकतो. नवस राहिला म्हणून कोप होईल, ही धास्ती गावागावांत ऐकू येते. चर्चच्या कायद्यात तिला आधार नाही. संत हे मध्यस्थ, देणारा देव, हा भेदही बोलण्यात पुसट होतो.

ही परंपरा ज्या मातीत रुजली ती शांत नव्हती. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा जिंकला. पुढे देवळे पाडली गेली, अनेक कुटुंबे आपले देव घेऊन अंत्रूज महालात, म्हणजे आजच्या फोंडा भागात गेली. १५६० ते १८१२ या काळात, मधली काही वर्षे वगळता, इन्क्विझिशनचे, म्हणजे धर्मद्रोहाची चौकशी करणारे चर्चचे न्यायालय चालले आणि त्याचा धाक नवख्रिस्ती घरांनाच मोठा होता. इथल्या श्रद्धेची गोष्ट सांगताना हे वगळले तर चित्र खोटे होईल. जुने गोवे शहर तर रोगराईने हळूहळू ओस पडले. १७५९ साली व्हाइसरॉयने तिथून मुक्काम हलवला आणि १८४३ साली पणजी अधिकृत राजधानी झाली.

मराठी वाचकाला एक प्रसंग उलट्या बाजूने ठाऊक असतो. नोव्हेंबर १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या सैन्याने जुवे बेट घेतले आणि गोवे शहर आता पडते अशी अवस्था झाली. तेव्हा व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर बॉम जेझुस बॅसिलिकेत गेला, सेंट फ्रान्सिस झेवियरची शवपेटी उघडवली आणि आपला राजदंड संताच्या हाती देऊन राज्य त्याच्यावर सोपवले. पुढे औरंगजेबाचा मुलगा शाह आलम याची मुघल फौज चालून आल्याने महाराजांना माघारी वळावे लागले. इतिहासकार मुघलांकडे बोट दाखवतात, भाविक संताकडे. १५५२ साली चीनच्या किनाऱ्याजवळ वारलेला हा स्पॅनिश मिशनरी ‘गोंयचो सायब’, म्हणजे गोव्याचा धनी, म्हणून ओळखला जातो, त्यामागे अशा कथांचा वाटा मोठा आहे.

मराठीशी या परंपरेचे नाते जुने आहे. इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आला आणि त्याचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. धर्म बदललेल्यांची पुराण ऐकण्याची सवय सुटली नव्हती. येशूच्या दुःखसहनाची कथा त्यांना त्यांच्याच वळणाने ऐकायला मिळाली. १७८४ साली टिपू सुलतानाने कॅनरा भागातील ख्रिस्ती लोकांना श्रीरंगपट्टणला कैदेत नेले. त्यांतल्या अनेकांचे पूर्वज गोव्याचे होते. पाद्री नसलेल्या त्या वर्षांत या पुराणाच्या पठणाने त्यांना धरून ठेवले, असे सांगितले जाते.

या साऱ्यात सर्वांत बोलके चरित्र सेंट जोसेफ वाझ यांचे. बाणावलीत १६५१ साली जन्मलेले हे गोमंतकीय पाद्री १६८७ साली गरीब मजुराच्या वेषात श्रीलंकेत उतरले. तिथल्या डच अमलात कॅथलिक पाद्रींना बंदी होती. लपतछपत मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, अर्पण करत ते कँडीच्या राज्यात पोहोचले, तर १६९२ साली पोर्तुगीजांचे हेर समजून तिथेही कैद झाली. १६९७ साली कँडीत देवीची साथ आली. लोक आपल्याच आजारी माणसांना सोडून पळू लागले. वाझ आणि त्यांचे सहकारी झोपड्या बांधून त्यांची सेवा करत राहिले आणि राजाचे मन त्यामुळे पालटले. ते गोव्याला कधीच परतले नाहीत. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीतच वारले. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संतपद दिले. झेवियरकडे लोक संकट टाळायला जातात. वाझ स्वतः संकटात चालत गेले, आणि कदाचित म्हणूनच त्यांच्या वाट्याला नवस तुलनेने कमी येत असावेत.

नवसाची रोजची जागा म्हणजे खुरीस. वाटेवर, बांधावर, टेकडीवर पांढऱ्या चुन्याने रंगवलेले क्रूस गोवाभर दिसतात. बांबोळीचा ‘फुलांचा खुरीस’ हमरस्त्यालगत आहे आणि गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे इस्पितळ, तिथून जवळच. मेणबत्ती लावून, हार घालून पुढे जाणाऱ्यांत हिंदूही असतात. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी कोण कुठल्या धर्माचा हे तिथे कोणी विचारत नाही. तिसवाडीतल्या तळावलीच्या सांत आना इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, जुलैच्या फेस्ताला, म्हणजे वार्षिक सणाला, मूल हवे असलेली जोडपी तवशी, म्हणजे काकड्या, अर्पण करतात. गोवा वेल्हा येथे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी संतांच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. दुखणे बरे व्हावे म्हणून लोक त्या पालख्यांखालून वाकून जातात. म्हापशाची मिलाग्रीस सायबीण, म्हणजे चमत्कारांची मारियामाता, ही शिरगावच्या लईराई देवीची बहीण, असे बार्देश-डिचोलीकडे मानतात, आणि तिच्या फेस्ताला हिंदू भाविक तेल वाहतात. चर्चच्या शिकवणुकीत हे नाते बसत नाही. लोकांनी त्यावाचून काही अडू दिलेले नाही.

घरात याचे रूप साधे. तिन्हीसांजेला इगर्जीची घंटा झाली की वेदीपुढे तेर्स होतो, मग लहानांनी थोरांकडे ‘बेसांव’, म्हणजे आशीर्वाद मागायचा. आंगवण फेडायची तर ‘लादाइन’ ठेवतात : मारियामातेची लॅटिन स्तुतिमाला व्हायोलिनच्या साथीने घरी किंवा खुरसापाशी गातात, आणि नंतर शेजाऱ्यांना उकडलेले चणे व पेय. गाणाऱ्यांतल्या बहुतेकांना लॅटिनचा अर्थ कळत नसे. सूर मात्र तीन पिढ्यांचे पाठ असत. बोटीवर जाणारा तारवटी मुंबईत धोबीतलावच्या आपल्या गावाच्या ‘कुडा’त, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक बिऱ्हाडात, उतरे. तिथे गावच्या संताची वेदी असे आणि संध्याकाळचा तेर्स नियमाने बंधनकारक होता. काम मिळेपर्यंत महिनोन्‌महिने थांबलेल्यांना रोज एका ठरलेल्या वेळी एकत्र बसवणारा हा नियम होता.

मृत्यूच्या वेळी हेच काम ‘कॉन्फ्रारी’ करते. सभासदाच्या अंत्ययात्रेला खांद्यावर मंडळाचे वस्त्र घेऊन हजर राहणे हे या बंधुमंडळांचे कर्तव्य. त्या जातवार विभागलेल्या होत्या, आणि त्यावरून गावांत तंटे झाले. दुःखात खांदा देणारी संस्थाच कोणाला कुठे उभे राहायचे ते सांगत असे. सातव्या दिवशी मृतासाठी मिस्सा होते, आणि लग्नाआधी पूर्वजांच्या स्मरणार्थ गरिबांना घातले जाणारे ‘भिकाऱ्यांचे जेवण’ही काही घरांनी राखले आहे.

मार्च २०२० मध्ये कोविडमुळे इगर्जी बंद झाल्या. त्या वर्षीचा ईस्टर लोकांनी टीव्ही आणि मोबाइलवर पाहिला. चारचौघांनी मिळून करायचे आचारच थांबल्याने ही परंपरा आपल्या सर्वांत कच्च्या जागी अडली. अंत्यविधीलाही मोजकी माणसे. घरचा तेर्स तेवढा चालू राहिला, आणि परदेशातली मुले व्हिडिओ कॉलवरून त्यात सामील होऊ लागली. झेवियरच्या अवशेषांचे दशवार्षिक दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात जुन्या गोव्यातील सी कॅथेड्रलमध्ये पुन्हा भरले. सावंतवाडी-बेळगावकडून, तसेच आतल्या तालुक्यांतून पायी येणाऱ्या भाविकांचे जथे रात्रीच निघत, म्हणजे उन्हाआधी रांग गाठता येई.