गोव्यातल्या मोरजीच्या किनारफेरीची वेळ रोज वेगळी का?

बुकिंग झालं की पहिला प्रश्न ठरलेला: ‘आमच्या ओळखीचे साडेसहाला आले होते, आम्हाला साडेसात का?’ आमची फेरी ओहोटीवर चालते आणि ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. पुनव-अवसेनंतरचे तीन-चार दिवस सकाळच्या फेरीला सर्वांत चांगले. अष्टमी-नवमीला पहाटे भरती आणि ओहोटी भर उन्हात, म्हणून त्या दिवशी मागणी असली तरी आम्ही फेरी ठेवत नाही.

कृपया दिलेल्या वेळेला टेंबवाड्यावर, म्हणजे फेरी सुरू होते तिथे, पोचाच. हॉटेलचा नाश्ता उरकून तासभर उशिरा येणारे बरेच असतात, आणि नेमकं बघायचं ते त्या तासातच हातचं जातं. शापोरा नदीच्या मुखाशी वाळूचे पट्टे उघडे असतात तेव्हाच हिवाळ्यात कुरव आणि चिखल्या या पाणपक्ष्यांचे थवे तिथे उतरतात. ओल्या वाळूत बारीक खेकडे बिळाभोवती मोहरीएवढ्या गोळ्या रचत असतात. वाळू तोंडातून गाळून, खाणं काढून घेऊन टाकलेल्या त्या गोळ्या. पाणी चढलं की सगळं पुसलं जातं. उशिरा आलेल्यांसाठी बाकीच्या मंडळींना थांबवणं आम्हाला पटत नाही, म्हणून थांबत नाही.

समोरच्या टेकडीवर दिसतो तो शापोऱ्याचा किल्ला. वर चढून फोटो काढणारे पुष्कळ, पण तो इथे का बांधला हे मोरजीच्या वाळूत उभं राहिल्यावर कळतं. नदी ही सरहद्द होती: पलीकडे पोर्तुगीज, आणि अलीकडचं पेडणे, म्हणजे मोरजीचा हा तालुका, त्यांच्याकडे गेलं ते 1788 साली. त्याआधी 1684 मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने हा किल्ला घेतला होता. आजची तटबंदी पोर्तुगीजांनी 1717 मध्ये नव्याने उभारलेली.

कासवांबद्दलही विचारणा होते. ऑलिव्ह रिडलेची मादी इथे रात्री अंडी घालते. आम्ही रात्रीची फेरी काढत नाही, कारण बॅटरीच्या उजेडाने ती अंडी न घालताच परत फिरते. सकाळी वन खात्याने कुंपण घातलेली घरटी लांबून दाखवतो, आणि नशिबात असेल तर वाळूवरचा तिचा ताजा माग.

वाट शेजारच्या आश्वे किनाऱ्यापर्यंत सुमारे तीन किलोमीटर, सपाट. आजी-आजोबा आणि लहान मुलं आरामात चालतात. दुर्बिणी आमच्याकडे आहेत. टोपी, पाणी आणि भिजली तरी चालतील अशा चपला आणा. तारीख ठरवण्याआधी आम्हाला फोन करा. त्या आठवड्यातली चांगली ओहोटी बघून दिवस सुचवू.