सांगलीत पैलवान पडतो कसा? मागची गोष्ट जरा लांबची आहे

४ जून २०२४ ला लोकसभेचा निकाल लागला तेव्हा पुण्या-मुंबईकडच्या बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला, की सांगली म्हणजे कुस्तीचा जिल्हा, तिथं डबल महाराष्ट्र केसरी उभा केला, महाविकास आघाडीची अधिकृत उमेदवारी, उद्धव ठाकरेंनी स्वतः मिरजेत सभा घेऊन नाव जाहीर केलेलं, आणि तरी चंद्रहार पाटील तिसरे कसे? तेही साठ हजारांच्या आसपास मतं घेऊन, डिपॉझिट घालवून? अपक्ष विशाल पाटलांना ५ लाख ७१ हजार, भाजपच्या संजयकाका पाटलांना ४ लाख ७१ हजार, लीड एक लाखाचं. टीव्हीवर कोणी म्हणालं कुस्तीची क्रेझ संपली, कोणी म्हणालं ठाकरेंच्या शिवसेनेचं मशाल चिन्ह गावागावात पोचलंच नाही. दोन्हीत थोडंथोडं खरं असेल. पण इथल्या माणसाला या निकालाचा फार धक्का बसला नव्हता, आणि तो का बसला नव्हता हे समजायला पार संस्थानाच्या काळापर्यंत मागं जावं लागतं.

एक गोष्ट आधीच सांगतो. आपल्याकडं पैलवानाला मान आहे, नाही असं नाही, जत्रेत फेटा बांधला जातो, गावच्या कमानीवर नाव लागतं. पण आखाडा कधीच स्वतःच्या पैशावर चालला नाही. तो कायम कुणाच्या तरी आश्रयावर चालला, आणि मतं फिरतात ती आश्रय देणाऱ्याच्या बाजूनं, घेणाऱ्याच्या नव्हे.

आधी राजे होते. कोल्हापूरला शाहू महाराजांनी कुस्तीसाठी काय केलं ते सगळ्यांना माहितीय, खासबाग मैदान उभंच आहे. आपल्या बाजूला सांगली, मिरज, जत, औंध अशी बारकी बारकी संस्थानं. सांगलीचे पटवर्धन गणपतीचं देऊळ बांधणारे, औंधचे पंतप्रतिनिधी तर सूर्यनमस्काराचे राजे म्हणूनच ओळखले जायचे. आज पलूस तालुक्यात असलेलं कुंडल तेव्हा औंधात होतं. पैलवानाचा खुराक म्हणजे चेष्टा नाही, दूध, तूप, बदाम, थंडाई, वर दिवसभर दुसरं काम नाही, शेतकऱ्याच्या घराला हे झेपणारं नव्हतंच, त्यामुळं संस्थानानं पोसलं तरच पैलवान तयार व्हायचा.

मग संस्थानं गेली. याचा फटका कसा बसला ते खाशाबा जाधवांच्या गोष्टीत बघा, कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९४८ ला लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. १९५२ ला हेलसिंकीला जायचं म्हणलं तर संस्थान विलीन झालेलं, नव्या सरकारला कुस्तीचं पडलेलं नव्हतं, म्हणून लोकांकडनं वर्गणी काढावी लागली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार उभे केले. त्यातनं आलं ते स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली वगैरे सगळं झालं, पण पुढं पोलिसात नोकरी करून रिटायर झालेल्या या माणसाची पेन्शनसाठी काय फरफट झाली तेही लोक सांगतात. अर्जुन पुरस्कार तर मरणानंतर मिळाला. मिरवणूक काढणारे गावकरी आणि खिशातनं पैसे घालणारे लोक वेगळे असतात, हे तेव्हापासूनच आहे.

जिल्ह्याचं सांगायचं तर १९४९ ला साताऱ्याचे दोन भाग झाले, उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा, आणि दक्षिण साताऱ्याचं नाव १९६० ला सांगली झालं. ही माहिती इथं उगाच टाकली नाही, कारण पत्री सरकारचा, म्हणजे इंग्रजांविरुद्ध उभ्या केलेल्या प्रतिसरकारचा, पट्टा याच दोन्ही भागांत पसरलेला. नाना पाटील येडेमच्छिंद्रचे, जी. डी. बापू लाड कुंडलचे, नागनाथअण्णा वाळव्याचे. त्यांच्या तुफान सेनेची कवायत कुंडलला चालायची. अंगानं दणकट, कुणाच्या बापाला न भिणारी पोरं लागायची, ती गावोगावच्या तालमीच्या आसपासच मिळणार. पण नाना पाटील १९५७ ला साताऱ्यातनं खासदार झाले ते काही दंड मोठे होते म्हणून नाही, गावागावात न्यायनिवाडे केलेला माणूस होता तो. हा फरक लक्षात ठेवा, पुढं कामाला येतो.

राजांची जागा घेतली साखर कारखान्यांनी. वसंतदादांनी सांगलीचा शेतकरी कारखाना उभा केला पन्नासच्या दशकात, मग इस्लामपूरकडं राजारामबापू, शेजारी वारणेला तात्यासाहेब कोरे, आणि ऊस, बँक, दूध संघ, सूतगिरणी, शाळा याच्या जोडीनं कुस्तीचं मैदान पण आलं. मारुती माने कवठेपिरानचे, गणपतराव आंदळकर शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे. दोघंही १९६२ च्या जकार्ता एशियाडमधनं पदकं घेऊन आले. आंदळकर १९६० चे हिंदकेसरी, माने १९६४ चे. १९६१ ला महाराष्ट्र केसरी सुरू झाली त्याचा पहिला मानकरी दिनकर दह्यारी. म्हणजे पहिल्या चार-पाच वर्षांतच एवढ्याशा पट्ट्यातनं ही माणसं निघाली. कृष्णेचं पाणी, पाण्यानं ऊस, उसानं पैसा, आणि पैशानं खुराक, एवढं साधं गणित आहे ते. नदीकाठच्या मातीत काहीतरी आहे म्हणून पैलवान होतात असं भाषणात म्हणायला बरं वाटतं, पण माती जत-आटपाडीकडं पण आहे, नव्हतं ते पाणी.

मैदान कसं भरतं ते बाहेरच्यांना नीट माहीत नसतं. पूर्वी जत्रा कमिटी घरटी वर्गणी काढायची, बारक्या पोरांच्या नारळावरच्या, रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग शे-पाचशेच्या, आणि शेवटी एक नंबरची. जोड लावणं, म्हणजे कोण कुणाशी लढणार ते ठरवणं, हे सगळ्यात अवघड काम, त्यात गावातली जुनी माणसं बसायची आणि तिथंच निम्मं राजकारण व्हायचं, कुणाच्या गटाचा पोरगा कुणाबरोबर लावला यावरनं वर्षभर बोलाचाली बंद. आता एक नंबरची कुस्ती लाखांत गेली, वर्गणीत ते बसत नाही, मग पुरस्कर्ता लागतो. पुरस्कर्ता म्हणजे आमदार, कारखान्याचा चेअरमन, नाहीतर होऊ घातलेला जिल्हा परिषद सदस्य. मैदानाचं कॅलेंडर बघा, जत्रेपेक्षा वाढदिवस आणि पुण्यतिथ्या जास्त. वारणेचं मैदान डिसेंबरात तात्यासाहेबांच्या पुण्यतिथीला. कुंडलला तर डोंगराच्या उतारावर बसून हजारो माणसं कुस्ती बघतात, मैदान नाद करण्यासारखंच आहे, आणि त्याच गावात क्रांती कारखाना आणि त्याच लाड घराण्यात २०२० ला विधान परिषदेची पुणे पदवीधरची आमदारकी आली. मी याला नावं ठेवत नाही, बापू लाडांचं काम मोठंच होतं. फक्त हलगी वाजते तेव्हा निवेदक माईकवर कुणाचं नाव जास्त वेळा घेतो ते एकदा मोजून बघा, पैलवानाचं का पुरस्कर्त्याचं.

शहरातली तऱ्हा थोडी वेगळी. गावभाग, खणभाग इकडच्या जुन्या तालमी म्हणजे गल्लीची संघटनाच. गणपती तालमीचा, मिरवणूक तालमीची, महापूर आला की होड्या आणि जेवणाची पाकिटं पण तालमीच्याच पोरांकडं. आता बऱ्याच ठिकाणी हौद्यात माती नाही, खाली गाळे काढून भाड्यानं दिलेत, वर कॅरम. तरी बोर्डावर तालीम मंडळ आहे आणि इलेक्शनला त्या बोर्डाखाली बैठक होतेच.

आणि याच शहरानं एक पैलवान चार वेळा आमदार केला, म्हणून "सांगलीत पैलवान निवडून येत नाही" हे पण खोटं. संभाजी पवार, लोकांच्या तोंडी संभाजीआप्पा, बिजली मल्ल म्हणून नाव. वडील हरिनाना पण नावाजलेले पैलवान. १९८५ ला वसंतदादा राजस्थानचे राज्यपाल झाले, सांगलीची जागा मोकळी झाली, १९८६ ला पोटनिवडणूक लागली आणि काँग्रेसकडनं दादांचे पुतणे विष्णुअण्णा पाटील. दादांच्या घरात, दादांच्या शहरात, दादा हयात असताना, जनता पक्षाकडनं उभा राहिलेल्या पैलवानानं विष्णुअण्णांना पाडलं. राज्यभर गाजलं ते. पुढं नव्वद आणि पंच्याण्णवला जनता दलाकडनं, आणि मग मध्ये दहा वर्षं बाहेर राहून २००९ ला भाजपकडनं परत, यावेळी समोर विष्णुअण्णांचा मुलगा मदन पाटील. बाप आणि लेक दोघांनाही या एकाच पैलवानानं पाडलं.

आता हे सगळं लाल मातीमुळं झालं का? मला नाही वाटत. कुस्तीनं नाव दिलं, शहरात ओळख दिली, ते मान्य. पण आप्पा निवडून आले कारण दादा गटाच्या विरोधात जेवढे नाराज होते, बाजार समितीतले, सोसायट्यांतले, उसाच्या बिलावरनं चिडलेले, त्या सगळ्यांना एक हक्काचा माणूस पाहिजे होता, आणि हा माणूस रोज भेटणारा, गल्लीत बसणारा, मोर्चात पुढं असणारा. कारखान्याशिवाय राजकारण नाही हे त्यांनाही कळलेलंच होतं, म्हणून तर सर्वोदय कारखाना काढला आणि त्याच्यावरनं राजारामबापूंच्या मुलाशी, जयंत पाटलांशी, भांडण शेवटपर्यंत चाललं. २००९ चा विजय तर आणखी वेगळा, मिरजेची दंगल होऊन महिना-दीड महिनाच झालेला, सांगली-मिरज दोन्ही जागा भाजपकडं गेल्या, त्यात आखाड्याचा वाटा किती हे ज्यानं त्यानं ठरवावं. आणि २०१४ ला भाजपनं तिकीट सराफी पेढीवाल्या सुधीर गाडगीळांना दिलं, ते तीनदा निवडून आलेत, एकदाही शड्डू न ठोकता. संभाजीआप्पा मार्च २०२१ मध्ये गेले.

राज्याच्या पातळीवर पण हेच. कुस्तीगीर परिषदेवर कित्येक वर्षं शरद पवार अध्यक्ष, मग २०२२ ला ती बरखास्त झाली, दुसरीकडं भाजपचे वर्ध्याचे तेव्हाचे खासदार रामदास तडस, दोन गट, कोर्टकचेरी, आणि पैलवानांचे हाल. २०२५ ला तर अहिल्यानगर जिल्ह्यातच दोनदा महाराष्ट्र केसरी झाली, एक शहरात, एक कर्जतला. तडस स्वतः पैलवान, विदर्भ केसरी, आणि दोनदा खासदार झाले हे खरं, पण त्यांच्यामागं देवळी नगरपालिकेचं वर्षानुवर्षांचं राजकारण होतं. पैलवानांचं मानधन वाढवायची घोषणा सुद्धा जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या महाराष्ट्र केसरीच्या स्टेजवरनंच झाली, नेत्याच्या तोंडून. त्याच वर्षी मार्चमध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी आपल्या सांगलीत भरली आणि तुंगच्या प्रतीक्षा बागडीनं गदा घेतली, जिल्ह्यानं मनापासून कौतुक केलं, चार दिवस बॅनर लागले, आणि बॅनरवर तिच्यापेक्षा मोठे फोटो कुणाचे होते ते सांगायला नको.

तर २०२४. कोल्हापूरची जागा आधी शिवसेनेची, ती शाहू छत्रपतींसाठी काँग्रेसला सोडली, त्या बदल्यात ठाकरेंनी सांगली मागितली. म्हणजे जागेचा सौदा आधी झाला आणि उमेदवार नंतर आला. सांगलीत १९६२ पासून २००९ पर्यंत सलग काँग्रेस निवडून आलेली, त्यातली १९८० पासूनची सगळी दादांच्या घरात, आधी दादा, मग शालिनीताई, प्रकाशबापू, मदनभाऊ, प्रतीक. २०१४ ला मोदी लाटेत गेली. २०१९ ला विशाल पाटलांना काँग्रेसनं हात हे चिन्ह पण दिलं नाही, स्वाभिमानी पक्षाच्या बॅट चिन्हावर लढायला लावलं, गोपीचंद पडळकरांनी वंचितकडनं तीन लाख मतं घेतली आणि विशाल पडले. २०२४ ला परत तेच होतंय म्हणल्यावर कार्यकर्ता पेटला, काँग्रेसचे आमदार विश्वजित कदमांनी दिल्ली-मुंबई केली, काही झालं नाही, मग विशाल पाटलांचा अपक्ष अर्ज आणि लिफाफा हे चिन्ह. काँग्रेसचे लोक दिवसा आघाडीच्या स्टेजवर आणि रात्री लिफाफ्याच्या बैठकीत, अशी उघडउघड नुरा कुस्ती, म्हणजे आधीच ठरवून केलेली लुटूपुटूची कुस्ती, चाललेली. यात चंद्रहार पाटलांचा दोष फार नव्हता. माणूस भाळवणीचा, २००७ आणि २००८ ची सलग गदा, पण ना कारखाना, ना सोसायट्या, ना बँक, आणि पक्षात येऊन जेमतेम काही दिवस झालेले. लोक भेटायचे, सेल्फी काढायचे, पैलवान म्हणून पाठीवर हात ठेवायचे आणि मत मात्र दादांच्या नातवाला, कारण भांडण संजयकाका विरुद्ध दादा घराणं असंच ठरलेलं होतं. निकालानंतर विशाल पाटलांनी काँग्रेसलाच पाठिंबा दिला.

चंद्रहार पाटील जून २०२५ मध्ये शिंदेंच्या शिवसेनेत गेले. पण त्यांचं त्याच्या आधीपासूनचं एक काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं, ते म्हणजे बैलगाडा शर्यती, बक्षिसाला थार, फॉर्च्युनर असल्या गाड्या. सुप्रीम कोर्टानं २०१४ ला बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी दिली, मे २०२३ मध्ये कायदा कायम केला. बंदी असताना ऑगस्ट २०२१ मध्ये पडळकरांनी आटपाडीच्या झऱ्यात पोलिसांना चकवून शर्यत घेतली होती, ते पडळकर आता जतचे आमदार आहेत. कुस्तीच्या मैदानाला दहा-पंधरा हजार माणूस जमलं तर आयोजक खूश, शर्यतीला त्याच्या कितीतरी पट जमतं, आणि बैलाला खुराक लागत असला तरी तो उमेदवारी मागत नाही. त्यामुळं यापुढं पुरस्कर्त्यांचा पैसा कुठं जाणार हे दिसायला लागलंय, आणि गावच्या जत्रेत एक नंबरची कुस्ती कितीवर लावायची हा विषय निघाला की आता कमिटीतलीच पोरं विचारतात, त्यापेक्षा शर्यतच घेऊ की.