थवा की गर्दी? लष्करी ड्रोनच्या थव्यांची पार्श्वभूमी

हिवाळ्यात पुण्याहून भिगवणला, उजनीच्या पाणथळीवर गेलात तर दिवस मावळताना भोरड्यांचे थवे दिसतात. हजारो पक्षी एकदम वळतात, कुणी कुणाला धडकत नाही आणि पुढारी कुणीच नसतो. लष्करी ड्रोनच्या थव्याचे मूळ या कोड्यात आहे. बातम्यांत ज्याला सर्रास 'स्वार्म' म्हणतात, त्यातले बरेचसे मात्र थवा नसतेच, ती गर्दी असते. ड्रोन किती आहेत यावरून थवा ठरत नाही. ते एकमेकांशी बोलतात का, आणि खालून संपर्क तुटला तर निर्णय कोण घेतो, यावरून ठरतो.

१९८७ साली क्रेग रेनॉल्ड्स यांनी संगणकावर पक्ष्यांचा थवा उडवला, तो तीन नियमांवर: शेजाऱ्याला धडकू नका, शेजाऱ्याच्या दिशेने आणि वेगाने चला, घोळक्यापासून तुटू नका. पुढे २००८ मध्ये रोमच्या आकाशातील भोरड्यांच्या भाऊबंदांचा, म्हणजे युरोपीय मैनांचा, अभ्यास झाला. प्रत्येक पक्षी फक्त जवळच्या सहा-सात पक्ष्यांवर लक्ष ठेवतो, असे त्यात आढळले. या चमूत जॉर्जिओ पारिसी होते, ज्यांना २०२१ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. हा 'सहा-सात'चा आकडा अभियंत्यांना फार मोलाचा आहे. १०० ड्रोनपैकी प्रत्येकाने प्रत्येकाशी बोलायचे ठरवले तर ४,९५० जोड्या होतात आणि रेडिओचा चॅनल गुदमरतो. प्रत्येकाने सातच शेजारी ऐकले, तर हिशेब ७०० दुव्यांत आटोपतो. शिवाय मधले दहा पडले तरी उरलेले नव्वद नवे शेजारी धरून पुढे जातात.

लष्करी धागा वेगळा. जून १९८२ मध्ये लेबनॉनच्या बेका खोऱ्यात इस्रायलने मानवरहित विमाने टेहळणीला आणि आमिष म्हणून पाठवली. सीरियाची रडार चालू झाली, क्षेपणास्त्रे सुटली, रडारच्या जागा उघड झाल्या आणि क्षेपणास्त्रांच्या १९ बॅटऱ्यांपैकी (तुकड्यांपैकी) बहुतेक एका दिवसात उद्ध्वस्त झाल्या. स्वस्त यंत्र पुढे करून शत्रूचे महागडे संरक्षण बोलते करायचे, ही युक्ती तेव्हापासून आजतागायत तशीच आहे.

हे दोन्ही धागे ऑक्टोबर २०१६ मध्ये एकत्र आले. कॅलिफोर्नियातील चायना लेक येथे तीन एफ/ए-१८ विमानांतून १०३ 'पर्डिक्स' ड्रोन सोडले गेले. पंखांचा विस्तार जेमतेम ३० सेंटीमीटर, पुढारी ड्रोन एकही नाही. आपल्याकडे हवाई दलाने २०१८ मध्ये 'मेहर बाबा' स्पर्धा जाहीर केली, आपत्तीत मदत पोहोचवणाऱ्या थव्यासाठी. (पुण्यात जन्मलेले आणि मेहेराबादला समाधी असलेले अवतार मेहेरबाबा हे नव्हेत. हे नाव एअर कमोडोर मेहर सिंग यांचे, ज्यांनी १९४८ मध्ये लेहला पहिले विमान उतरवले.) १५ जानेवारी २०२१ ला दिल्लीत लष्कराने ७५ ड्रोनचे प्रात्यक्षिक दिले. २९ जानेवारी २०२२ च्या बीटिंग रिट्रीटला हजार ड्रोन उडाले, पण तो थवा नव्हता. प्रत्येक ड्रोनचा मार्ग आधीच आखलेला होता. अशा खेळांत ड्रोनची जागा आरटीके पद्धतीने, म्हणजे जमिनीवरच्या केंद्राकडून जीपीएसची चूक सुधारून, दोन-तीन सेंटीमीटरपर्यंत धरली जाते. साध्या जीपीएसवर चूक काही मीटरची असते. युद्धात जॅमर, म्हणजे रेडिओ सिग्नल दाबून टाकणारे यंत्र, लागला की दोन्ही जातात.

खरी कलाटणी जॅमरने दिली. जानेवारी २०१८ मध्ये सीरियातील रशियन तळांवर १३ ड्रोन आले. रशियाच्या म्हणण्यानुसार त्यातील सात पाडले गेले आणि सहा इलेक्ट्रॉनिक पद्धतीने ताब्यात घेतले गेले. युक्रेनमध्ये दोन्ही बाजूंनी जॅमिंग इतके वाढले की २०२४ पासून कित्येक किलोमीटर ऑप्टिकल फायबरची रिळे उलगडत जाणारे ड्रोन दिसू लागले. तारेवर जॅमर चालत नाही, पण तार झाडात अडकते, रिळाचे वजन स्फोटकाच्या वजनातून कापावे लागते, आणि अशा शंभर तारा एकत्र उडवल्या तर गुंता ठरलेलाच. म्हणून दुसरा मार्ग उरतो: निर्णय ड्रोनच्या आतच ठेवायचा. यंत्राला स्वातंत्र्य दिले ते हौसेने नव्हे, सिग्नल तुटतो म्हणून.

मे २०२५ ची रात्र या संदर्भात पाहावी. सरकारी माहितीनुसार ८ आणि ९ मेच्या रात्री पाकिस्तानने ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन पाठवले, आपल्या हवाई संरक्षणाची चाचपणी करण्यासाठी. बेकाचीच चाल. जुन्या ४० मिमी एल-७० विमानविरोधी तोफांनी इथे मोलाचे काम केले, कारण स्वस्त ड्रोनला महाग क्षेपणास्त्र मारत बसणे कुणालाच परवडत नाही. तीन आठवड्यांनी, १ जूनला, युक्रेनने ट्रकमध्ये दडवलेले ११७ ड्रोन रशियाच्या विमानतळांवर सोडले. युक्रेनच्या सांगण्यानुसार प्रत्येकाला स्वतंत्र चालक होता. म्हणजे तीही गर्दीच, उत्तम आखलेली.

खरा थवा अजून दुर्मीळ का, हे मैदानावर कळते. ड्रोनची सहा सेलची, १०,००० एमएएचची लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी म्हणजे २२२ वॉट-तास. ऐंशी टक्केच वापरायची आणि तरंगायला ४५० वॉट लागतात असे धरले, तर सुमारे २४ मिनिटे मिळतात. शंभर ड्रोन एकेक करून उडवायला प्रत्येकी पाच सेकंद धरले तरी आठ मिनिटे जातात, तोवर पहिल्याची तृतीयांश बॅटरी संपलेली असते. एक ड्रोन दुसऱ्याच्या थेट खाली आला तर वरच्या पंख्यांच्या झोतात त्याची उचल जाते, म्हणून उभे अंतर जास्त ठेवावे लागते. सळयांच्या स्लॅबवरून उडवले तर होकायंत्र चुकते आणि ड्रोन गोल गोल फिरत वाहवतो. थव्यात तो शेजाऱ्यांनाही चुकीची दिशा सांगतो. एकट्या ड्रोनची चूक एकट्याची असते, थव्यात ती पसरते.

शेवटचा दुवा शस्त्राचा. डीआरडीओच्या प्रयोगशाळांपैकी पाषाणची एआरडीई शस्त्रे घडवते, सुतारवाडीची एचईएमआरएल स्फोटके, त्यामुळे पुण्यात हा प्रश्न कानावर नवा नाही: स्फोट घडवणारा फ्यूज सज्ज कधी व्हावा आणि हल्ला रद्द केला तर परत निर्धोक कसा व्हावा? प्रत्येक ड्रोनच्या सॉफ्टवेअरमध्ये एक 'फेलसेफ' असतो: संपर्क तुटल्यावर काय करायचे. हौशी ड्रोनला घरी परत ये असे सांगितलेले असते. सशस्त्र थव्याला काय सांगायचे, यावर जिनिव्हात २०१४ पासून चर्चा चालू आहे. डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत अशा स्वतः निर्णय घेणाऱ्या (स्वायत्त) शस्त्रांवरचा ठराव १५२ मतांनी संमत झाला, तेव्हा भारताने विरोधात मत दिले. मेच्या त्या रात्रीनंतर या मताची कारणे संसदेत आणि मराठी वर्तमानपत्रांत मोकळेपणाने मांडली जायला हवीत.