फायबरच्या होडीला कलम

फायबरची होडी साच्यातून निघाली की तिची लांबी कायमची ठरली, असं आपण धरून चालतो. पण मालवण-तारकर्लीकडे पर्यटकांना फिरवणारी एखादी जुनी पंचवीस फुटी होडी मागून कापून चार फूट वाढवता येते. जोड समुद्रात टिकेल का, एवढाच प्रश्न. हापूसचं कलम बांधणाऱ्याला त्याचं निम्मं उत्तर ठाऊक असतं.

आधी लांबी कशाला, ते पाहू. संथ चालणाऱ्या होडीला तिनेच उठवलेली लाट अडवते. पाण्यातल्या लांबीच्या फुटांचं वर्गमूळ काढून १.३४ ने गुणलं की ही वेगमर्यादा साधारण नॉटमध्ये (तासाला सागरी मैल) मिळते. २५ फुटांना ६.७, २९ फुटांना ७.२. अर्ध्या नॉटसाठी एवढा खटाटोप कोण करील? पण इंजिनाच्या जोरावर पाण्यावर चढून धावणाऱ्या होडीचा हिशोब निराळा. चढताना तिचं बूड खाली बसतं, नाळ, म्हणजे पुढचं टोक, आभाळाकडे जाते आणि चालवणाऱ्याला पुढचं दिसेनासं होतं. जुन्या इंजिनाच्या जागी जड फोर-स्ट्रोक इंजिन आलं की हे आणखी वाढतं. मागे वाढवलेला तळ तो भार उचलतो आणि होडी कमी वेगातच पाण्यावर येते. (इंजिनही नव्या टोकाला नेलं, तर कमावलेलं बरंचसं तिथेच जातं.)

काही जण होडी मधोमध कापायचं म्हणतात. माझं मत विरुद्ध आहे. लाटेवर वाकताना सर्वाधिक ताण मध्यावर येतो. जोडही तिथेच कशाला द्यायचा?

आता कलम. माळी फांदी आडवी छाटत नाही, तिरका लांब काप घेतो, म्हणजे दोन्ही अंगं भरपूर जागेत एकमेकांना टेकतात. फायबरचंही तसंच. ताकद काचेच्या धाग्यांत असते, आणि कापलं की एकही धागा जुन्यातून नव्यात जात नाही. सगळा भार मधल्या रेझिनच्या, म्हणजे धागे चिकटवून धरणाऱ्या राळेच्या, थरातून जायचा. म्हणून जुनी कड जाडीच्या बारा पट लांब उतरती घासतात. ८ मिलिमीटर जाडीला ९६ मिलिमीटर, म्हणजे चार बोटांहूनही रुंद पट्टी. ग्राइंडरची ती पांढरी धूळ अंगाला खाजते आणि फुप्फुसांना बाधते. नाकाला नुसता रुमाल बांधून हे काम करू नये.

इथे मात्र कलमाची उपमा संपते. झाडाच्या पेशी एकजीव होतात, जुनं पॉलिस्टर, म्हणजे होडीतलं मूळ रेझिन, होत नाही. त्याच्या रेणूंच्या साखळ्या घट्ट होताना एकमेकींत गुंतून गेल्या. नव्या रेझिनचा हात धरायला मोकळं टोक जवळपास उरलेलं नसतं. उरतो तो खरखरीत पृष्ठभाग आणि चिकटपणा. त्यात इपॉक्सी ही दुसऱ्या जातीची राळ सरस. ती जुन्या पॉलिस्टरला चांगली धरते. तिच्यावर पॉलिस्टरचा थर मात्र नीट बसत नाही. रंगाचा वरचा थर निवडताना हे विसरलं की पापुद्रे.

कापण्याआधी होडीवर नाणं वाजवून पाहावं. टणक आवाजाऐवजी बद्द आवाज आला, तर आतलं प्लायवुड कुजलं असेल किंवा थर सुटले असतील. तळाला फोड असतील तर एक फोडावा. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला, तर पाणी रेझिनमध्ये मुरून त्याचं विघटन करतंय. ओलं फायबर जोड धरत नाही. पारदर्शक प्लास्टिक चारी कडांनी चिकटवून दिवसभर ठेवा. आत थेंब जमले तर थांबा.

आणि कोकणात थांबायला वेळ कुठे असतो? पावसाळ्यात यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, पर्यटनही थंड, होड्या वर ओढलेल्या. दुरुस्तीला सवड तेव्हाच, आणि हवा सर्वांत दमट तीही तेव्हाच. दमट हवेत इपॉक्सीचा हार्डनर (तिला घट्ट करायला मिसळलेलं द्रव्य) हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन वर मेणचट साय धरतो. पुढचा थर देण्याआधी ती साध्या पाण्याने धुवायची, पुसायची, मगच घासायचं. आधी घासलं, तर पॉलिशपेपर ते मेण प्रत्येक खाचेत भरून ठेवतो.